‘सेटल’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

अनुवादिनी
मी न्यायालयीन कागदपत्रांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. अलीकडे एका दिवाणी दाव्यातील पुरसिस, म्हणजे पक्षकारांनी न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, माझ्याकडे आली. तिच्यात ‘द पार्टीज हॅव सेटल्ड द मॅटर’ एवढेच एक छोटे वाक्य होते. मी त्याचे ‘पक्षकारांनी वाद आपसांत मिटवला आहे’ असे भाषांतर केले. माझे काम तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खोडून ‘वाद निकाली निघाला आहे’ असे लिहिले. ‘मिटवणे’ हा शब्द चावडीवर शोभतो, न्यायालयाच्या कागदावर नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. माझी अडचण शब्द किती भारदस्त आहे ही नाही. दावा निकाली काढायला न्यायाधीश लागतो आणि या कागदावर सह्या केवळ वादी-प्रतिवादींच्या आहेत.
जाणकारांना दोन प्रश्न विचारते. ‘सेटल’ या क्रियापदात दोन्ही बाजूंची संमती मुळातच अनुस्यूत आहे का? आणि असेल, तर ती वाचकापर्यंत पोहोचवणारा, तरीही न्यायालयाच्या भाषेत शोभणारा मराठी शब्द कोणता?

दस्तऐवज
तुमचे भाषांतर बरोबर आहे. सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या घटना एक केल्या आहेत. पक्षकार वाद मिटवतात ही पहिली घटना आणि न्यायालय दावा निकाली काढते ही दुसरी. पहिलीशिवाय दुसरी होऊ शकते, कारण पुराव्यावरही निकाल लागतो. आणि दुसरीशिवाय पहिलीही होते, कारण बाहेर मिटलेला वाद न्यायालयात कोणी कळवलाच नाही तर तारखा पडतच राहतात. पुरसिस म्हणजे पक्षकारांनी न्यायालयाला दिलेली माहिती. तिच्यात ‘निकाली निघाला’ असे लिहिले, तर न्यायाधीशांचे काम पक्षकारांनीच उरकले असा अर्थ होईल.
दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश (ऑर्डर) 23 मधील नियम 3 मुद्दाम पाहा. तडजोड कायदेशीर असली पाहिजे, ती लेखी असली पाहिजे आणि तिच्यावर पक्षकारांच्या सह्या असल्या पाहिजेत. मग न्यायालय ती नोंदवून घेते आणि तिला अनुसरून हुकूमनामा करते. लेखी आणि सहीची अट 1976 च्या दुरुस्तीने आली, कारण त्यापूर्वी ‘आमचे तोंडी ठरले होते’ या एका वाक्यावर नवे वाद उभे राहत. गंमत म्हणजे त्या नियमात ‘सेटल’ हे क्रियापद नाहीच. तिथे दावा ‘अॅडजस्ट’ होतो आणि ‘कॉम्प्रोमाइज’ होतो.

तिठा
दस्तऐवज यांनी कागदाची बाजू नीट मांडली आहे, पण पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘सेटल’ या क्रियापदाला संमतीची गरज नसते. ‘सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सेटल केला’ असे आपण म्हणतो, तेव्हा हरलेल्या बाजूला कोणीही विचारलेले नसते. वकिलांच्या तोंडी सतत असलेला ‘सेटल्ड लॉ’ म्हणजे ज्याविषयी आता वाद घालण्यात अर्थ नाही असे न्यायतत्त्व. सर्वांना ते पटलेले असते असे मुळीच नाही. आई दोन मुलांचे भांडण एक रट्टा देऊन संपवते, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते.
त्याच संहितेच्या ज्या कलम 89 चा न्यायालयाबाहेर वाद मिटवण्यासाठी उठताबसता उल्लेख होतो, त्याच्या शीर्षकातही ‘सेटलमेंट’ आहे आणि त्याखाली लवाद, समेट, लोकअदालतीसह न्यायिक तडजोड व मध्यस्थी असे चार मार्ग दिलेले आहेत. यांपैकी लवादाचा निवाडा कोणत्याही बाजूच्या संमतीने होत नाही. लवादाकडे जायला संमती लागते, पण निवाडा येईल तो घ्यावा लागतो. म्हणजे खुद्द कायद्यानेही ही संज्ञा संमतीपुरती मर्यादित ठेवलेली नाही.
माझ्या मते या क्रियापदाचा गाभा ‘हलणारे स्थिर होणे’ हा आहे. पाण्यातला गाळ सेटल होतो, नव्या इमारतीचा पाया सेटल होतो, बिघडलेले पोट सेटल होते. वाद हाही त्याच जातीचा, म्हणून तोही सेटल होतो. तो कोणी स्थिर केला, याविषयी क्रियापद मौन पाळते.

शब्दखूण
तिठा यांचे म्हणणे व्युत्पत्तीने निम्मे सिद्ध होते आणि निम्मे अडचणीत येते. प्राचीन इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे बसण्याची जागा, आसन. उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत आजही ‘सेटल’ हे नाम आहे. त्यावरून क्रियापद झाले ते ‘बसवणे, जागी ठेवणे’ या अर्थाचे. ‘सिट’ आणि ‘सीट’ त्याच कुळातले आणि मागे गेल्यास आपल्या ‘सदन’, ‘सभासद’ यांतील संस्कृत ‘सद्’ धातूही त्याच घराण्यातला. इथपर्यंत तिठा बरोबर आहेत.
पण मध्ययुगीन इंग्रजीत याच्याशी ध्वनीने जवळचे असे आणखी एक क्रियापद होते, ‘सॅट्लन’ किंवा ‘सॉट्लन’ असे काहीसे उच्चारले जाणारे, आणि त्याचा अर्थच ‘समेट करणे’ असा होता. ते ज्या शब्दावरून आले तो ‘साख्त’, म्हणजे सलोखा, स्कँडिनेव्हियन मुळाचा मानला जातो. हे दुसरे क्रियापद पुढे लोपले. मात्र जाताना त्याने आपला अर्थ पहिल्याच्या अंगावर टाकला असावा, असे कोशकारांचे मत आहे. म्हणजे भांडण मिटवण्याच्या अर्थाचे ‘सेटल’ निव्वळ गाळ बसण्यातून आलेले नाही. त्यात सलोख्याचे रक्तही आहे.

बाभूळ
म्हणजे ‘चला, बसून मिटवू’ हे आपल्याकडचे वाक्य या क्रियापदाची संपूर्ण व्युत्पत्ती तीन शब्दांत सांगते.

शब्दखूण
बाभूळ, हे कोशात घालण्याजोगे आहे. मराठीत जम बसतो, घडी बसते, बस्तान बसते आणि मेळही बसतो. फक्त वाद ‘बसत’ नाही, तो मिटतो. आणि मिटणे म्हणजे मुळात बंद होणे: पाकळ्या मिटतात, डोळे मिटतात. ‘मिटवणे’ हा शब्द चावडीचा म्हणून हलका ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दस्तऐवज
तिठा यांना आणखी दारूगोळा पुरवतो, कारण हे क्रियापद आमच्या धंद्यात ज्या तऱ्हेने वापरले जाते ती पाहून नवख्या कनिष्ठ वकिलांची भंबेरी उडते.
दिवाणी संहितेच्या आदेश 14 चे शीर्षक ‘सेटलमेंट ऑफ इश्यूज’ असे सुरू होते. नवखा मनुष्य समजतो की येथे वादाचे मुद्दे मिटतात. प्रत्यक्षात येथे ते काढले जातात. वादीने काय म्हटले, प्रतिवादीने काय नाकारले, हे पाहून न्यायाधीश नेमके कोणते मुद्दे सिद्ध व्हायला हवेत ते ठरवतात आणि मग साक्षीपुराव्याला सुरुवात होते. म्हणजे या ‘सेटलमेंट’नंतर खरे भांडण सुरू होते.
दुसरा वापर याहून मजेशीर आहे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातील याचिकेच्या शेवटी ‘ड्रॉन बाय’ अमुक आणि ‘सेटल्ड बाय’ तमुक ज्येष्ठ अधिवक्ता असे लिहिलेले असते. त्यांनी कोणाशीही तडजोड केलेली नसते. कनिष्ठाने तयार केलेला मसुदा वाचून, त्यातील पसारा कापून त्याला अंतिम रूप दिलेले असते. येथे अर्थ ‘कायम करणे’ असाच घ्यावा लागतो.

सिद्धेश्वरपेठ
चर्चा कायद्याच्या अंगाने चालली आहे, पण आम्हा सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द ऐकला की न्यायालय आठवत नाही. आमच्या शहरात त्या नावाची वस्ती आहे. ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि 1924 च्या सुधारित कायद्याखालीही तेच चालू राहिले. या लोकांना काटेरी तारांच्या कुंपणात ठेवले जाई, त्यांची हजेरी घेतली जाई आणि परवान्याशिवाय बाहेर पडणे हा गुन्हा होता. या कुंपणाला सरकारी कागदांत ‘सेटलमेंट’ म्हणत. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात, पण वस्तीच्या नावातून ‘सेटलमेंट’ गेलेले नाही.
भटक्या माणसाला एका जागी बसवणे, हा या क्रियापदाचा अगदी मूळ अर्थ येथे शब्दशः अमलात आणला गेला, आणि त्यात संमतीचा लवलेशही नव्हता. शब्दखूण यांनी सलोख्याच्या रक्ताविषयी लिहिले आहे ते मी नाकारत नाही. मात्र महाराष्ट्रात हा इंग्रजी शब्द ज्यांच्या घरापर्यंत सर्वांत आधी पोहोचला, त्यांच्यात या लोकांचा समावेश होतो, आणि त्यांना तो कुंपण म्हणून भेटला.

गावनमुना
सिद्धेश्वरपेठ यांच्या मुद्द्याला जोडून महसुलाचे उदाहरण देतो. पुण्यात जमाबंदी आयुक्त व भूमी अभिलेख संचालक यांचे कार्यालय आहे. या पदाच्या इंग्रजी नावात ‘जमाबंदी’च्या जागी ‘सेटलमेंट’ आहे. बंगालमध्ये 1793 मध्ये कॉर्नवॉलिसने जे ‘परमनंट सेटलमेंट’ केले, त्याला आपल्या शालेय पुस्तकांत कायमधारा म्हणतात. इंग्रज अधिकारी लिहिताना ‘जमीनदाराशी सेटल केले’, ‘रयतेशी सेटल केले’ अशी रचना करत. वाक्यरचनेत दोन पक्ष आहेत, जणू काही दोघांनी समोरासमोर बसून सारा ठरवला.
आपल्या भागात काय झाले ते पाहा. प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकात पुणे प्रांतात मोजणी करून सारा बांधला. आकारणी जड होती, हाताखालच्या लोकांनी लबाडी केली आणि शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. तिच्यात जमिनीची प्रतवारी करून सारा हलका केला आणि 30 वर्षांसाठी कायम केला. ती मुदत संपल्यावर, 1867 च्या सुमारास, पुन्हा आकारणी झाली तेव्हा सारा बराच वाढला, आणि 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे जे दख्खनचे दंगे सुरू झाले त्यांच्या कारणांत या वाढीचीही गणना होते. रयतेला कोणत्याच वेळी ‘हे मान्य आहे का’ असे विचारले गेले नाही. मराठीने मात्र येथे प्रामाणिकपणा दाखवला. तिने तडजोडीचा कोणताही शब्द न घेता ‘जमाबंदी’ म्हटले: जमा बांधून दिली, विषय संपला.

तिठा
गावनमुना, तुमच्या उदाहरणाने माझी बाजू भक्कम झाली याबद्दल आभार. मराठीने प्रत्येक ठिकाणी कर्ता पाहून वेगळा शब्द योजला आहे. इंग्रजीत मात्र एकाच घोंगडीखाली सगळे निजले आहेत.

शिरस्तेदार
एक जुना शब्द सुचवतो, हसू नये. तो शब्द ‘राजीनामा’. आज त्याचा अर्थ पद सोडण्याचा कागद एवढाच उरला आहे, पण ‘राजी’ आणि ‘नामा’ म्हणजे संमतिपत्र. पेशवाईत पंचायतीपुढे वाद जाण्यापूर्वी दोन्ही पक्ष ‘पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य’ असा राजीनामा लिहून देत. निवाड्यानंतर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो अशी लेखी कबुली. पुढे इंग्रजी अमदानीत शेतजमीन सोडणारा राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई. दक्षिणेकडील न्यायालयांत तडजोडीच्या अर्जाला ‘राजीनामा’ म्हणण्याची पद्धत आहे असे तिकडच्या वकिलांकडून ऐकले आहे.
अनुवादिनीताईंनी हा शब्द वापरावा असे मी म्हणणार नाही, कारण ‘वादी-प्रतिवादींनी राजीनामा दिला’ असे वाचून न्यायाधीश दोघांचेही अभिनंदन करतील. पण पूर्वीच्या मराठीला संमती आणि निवाडा यांतील फरक नेमका ठाऊक होता आणि प्रत्येकासाठी वेगळा कागद होता, एवढे नोंदवावेसे वाटले.

खाडीपलीकडे
एवढे सगळे लिहून झाले आणि ‘मांडवली’ अजून कोणी काढली नाही, याचा मुंबईकर म्हणून निषेध.

बाभूळ
‘तोडपाणी’ही राहिलेच. ‘मॅटर सेटल केले’ हे वाक्य गावाकडे कोणी डोळा मिचकावून म्हटले, तर त्याचे शुद्ध भाषांतर तेच आहे.

दस्तऐवज
विनोदाचा भाग सोडला तरी यात एक गंभीर मुद्दा आहे. प्रत्येक वाद पक्षकारांना मिटवता येत नाही. फौजदारी कायद्यात कोणते गुन्हे आपसांत मिटवता येतात याची यादी आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. साधी मारहाण मिटवता येते, खून मिटवता येत नाही. जे मिटवण्याजोगे नाही ते मिटवले की मराठी माणूस ‘मिटवले’ न म्हणता ‘दाबले’ म्हणतो. इंग्रजीतील ‘सेटल’ हा फरक करत नाही, म्हणूनच मराठी बोलण्यात आलेल्या ‘सेटलमेंट’ला तोडपाण्याचा वास येऊ लागला असावा. पुरसिशीच्या भाषांतरात हा इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो या एका कारणासाठी नाकारावा.

वसुलीखाते
मी सहकारी बँकेत नोकरी केली आहे. आमच्याकडील एका शब्दाबाबत लोकांचे मोठे नुकसान होते, म्हणून सविस्तर लिहितो.
कर्ज थकल्यावर बँक कधी कधी एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव देते. समजा, येणे 5 लाख आहे आणि बँक 3 लाखांवर तयार झाली. कर्जदार पैसे भरतो, पत्र घेतो आणि खाते मिटले म्हणून निश्चिंत होतो. काही वर्षांनी तो घरासाठी कर्ज मागायला जातो, तेव्हा त्याच्या पतमाहिती अहवालात त्या जुन्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असे लिहिलेले असते, आणि नवा धनको ते पाहून मागे सरतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असते. सामान्य माणसाला ‘सेटल्ड’ अधिक चांगले वाटते, कारण त्याच्या कानाला तो शब्द ‘मुलगा सेटल झाला’ या वाक्यातून ओळखीचा असतो. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पूर्ण न देता सुटला’ असा आहे. उरलेली रक्कम भरून ती नोंद बदलून घेता येते. ते बँकेशी बोलून लेखी करून घ्यावे.
मराठी शब्दाबद्दल सांगायचे, तर 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापेक्षा जास्त थकबाकी असलेल्यांनी वरची रक्कम भरली की सरकार दीड लाख भरणार, अशी तरतूद होती. तिला ‘एकवेळ समझोता योजना’ असे नाव दिले होते. ‘समझोता’ हा शब्द हिंदीच्या वाटेने आला आहे म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतील, पण ग्रामीण भागात तो कोणालाही अडत नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीहून लिहितो आहे. वसुलीखाते यांनी सांगितलेला अर्थ इंग्रजीत एका अव्ययाने स्पष्ट होतो, आणि भारतीय इंग्रजीत तेच अव्यय पुष्कळदा गळते. ‘सेटल फॉर’ म्हणजे हवे होते त्यापेक्षा कमी मिळाले आणि ते पदरात घेतले. ‘सेटल ऑन’ म्हणजे अनेकांतून एक निवडले. ‘सेटल अप’ म्हणजे हिशेब चुकता केला. ‘सेटल विथ’ म्हणजे समोरच्या पक्षाशी तडजोड केली. मुलाच्या लग्नासाठी स्थळ पाहताना ‘तो सेटल आहे का’ असे विचारतात तो अर्थ ‘सेटल डाउन’चा आहे, आणि त्यात नोकरी, घर आणि अमेरिकेत असल्यास ग्रीन कार्ड हे तिन्ही गृहीत असते.
येथे बहुसंख्य दिवाणी दावे सुनावणीपर्यंत पोहोचतच नाहीत. बातमीत नुसते ‘दे सेटल्ड’ एवढे दोन शब्द येतात. कर्म नाही, अव्यय नाही. वाचकाला त्यातून तीन गोष्टी कळतात: पैसे दिले गेले, चूक कबूल केली गेली नाही, आणि रक्कम बहुधा गुप्त आहे. हे तिन्ही अर्थ ‘मिटवला’ या मराठी शब्दात येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

तिठा
कबुलीशिवाय तडजोड भारतातही आहे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या 2018 च्या सेटलमेंट विनियमांखाली एखादी कंपनी ठरलेली रक्कम भरते आणि कारवाई थांबते; आदेशात ‘निष्कर्ष मान्य अथवा अमान्य न करता’ अशा आशयाचे वाक्य ठरलेले असते. वर्तमानपत्रे मात्र दुसऱ्या दिवशी ‘दंड भरला’ असे छापतात. दंड शिक्षा म्हणून होतो, ही तर तडजोडीची रक्कम आहे. शेअर बाजारातील ‘टी प्लस वन सेटलमेंट’ आणखी वेगळे. 27 जानेवारी 2023 पासून सर्व समभागांना ते लागू आहे आणि तेथे अर्थ फक्त देणे-घेणे पुरे होणे हा आहे. सौदा आदल्या दिवशीच ठरलेला असतो.

सातवाहन
मला या चर्चेत एक गोष्ट खटकते आहे. संमती आहे की नाही असे दोनच कप्पे आपण केले आहेत. संमती कोणी दिली आणि कोणाच्या वतीने, हे विचारल्याशिवाय हे क्रियापद कळणार नाही. भोपाळचे उदाहरण घ्या.
2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू गळला. 1985 मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. सरकारने 330 कोटी डॉलरची मागणी केली होती. 14 फेब्रुवारी 1989 रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि तीत फौजदारी खटलेही रद्द करण्याचे ठरले. दोन्ही पक्षांचे वकील हजर होते आणि न्यायालयाचा आदेशही होता, म्हणजे दस्तऐवज यांच्या कसोटीवर हे निर्दोष ‘सेटलमेंट’ आहे. पण ज्यांची फुप्फुसे जळली होती त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे 1991 मध्ये न्यायालयाने रक्कम कायम ठेवली, फौजदारी खटले रद्द करण्याचा भाग मात्र मागे घेतला. रक्कम वाढवून मिळावी म्हणून केंद्राने केलेली उपचारात्मक (क्युरेटिव्ह) याचिका 14 मार्च 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेटाळली.
भोपाळमधील पीडितांच्या संघटना या तडजोडीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्या ‘वाद मिटला’ असे कधीही म्हणणार नाहीत. ‘सरकारने मिटवला’ असे त्या म्हणतील. मिटणे आणि मिटवणे यांतला हा एका अक्षराचा फरक मराठीने आपल्याला दिलेला आहे, आणि अनुवादिनी यांनी वापरलेले प्रयोजक रूप मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

दस्तऐवज
सातवाहन, आक्षेप रास्त आहे. ‘निर्दोष’ हा शब्द मी वापरला नव्हता, पण कसोटी माझीच आहे. न्यायालय सही पाहते. सही करणाऱ्याला अधिकार होता का हेही पाहते. सही करणाऱ्याने ज्यांच्या वतीने सही केली त्यांचे हित पाहिले का, येथे मात्र प्रत्येक कायदेपद्धती अडखळते. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या वतीने पालकाने तडजोड करायची असेल, तर आदेश 32 च्या नियम 7 प्रमाणे न्यायालयाची स्वतंत्र परवानगी लागते. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने मिटवण्यातला धोका कायद्याला अजिबात माहीत नाही असे नाही.

पाटबंधारे
एवढी विद्वत्ता चालू असताना साधा आक्षेप घेतो. लोकअदालतीच्या बातम्या काढून पाहा: ‘लोकअदालतीत इतकी प्रकरणे निकाली’ असेच शीर्षक असते. तिथे तर सगळेच तडजोडीने होते. मग अनुवादिनी यांच्या सहकाऱ्यांचे काय चुकले?

दस्तऐवज
शीर्षक न्यायालयाच्या बाजूने लिहिलेले असते. न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले हे खरेच आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो, त्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. पण त्याच लोकअदालतीत पक्षकार बाहेर येऊन फोनवर घरी काय सांगतात ते ऐका. ‘निकाली निघाले’ असे कोणीही सांगत नाही. ‘मिटले एकदाचे’ असे सांगतात.

गावनमुना
सरकारी मराठीला ‘मिटवणे’ वर्ज्य आहे, हा समजही खरा नाही. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या कागदांत तंटे ‘मिटवले’ जात होते. 2023 मध्ये महसूल विभागाने आणलेली योजना पाहा: एकाची शेती दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असा प्रकार किमान 12 वर्षे असेल, तर दोघांना अदलाबदल दस्त करता येतो, आणि त्यासाठी मुद्रांक शुल्क 1000 रुपये व नोंदणी शुल्क 1000 रुपये एवढेच लागते. या योजनेचे नाव ‘सलोखा’ आहे. शब्दखूण यांनी सांगितलेल्या त्या लोपलेल्या इंग्रजी क्रियापदाला याहून नेमका मराठी शब्द सापडणार नाही. दोघेही राजी असल्याशिवाय हा दस्त होतच नाही.

शब्दखूण
‘सलोखा’ नाम म्हणून सुंदर आहे, पण त्याला पैशाचा व्यवहार सोसत नाही. सलोखा झाला म्हणजे मने निवळली. सेटल झालेल्या दाव्यातील माणसे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतात, तरीही दावा सेटल होतो. तेथे ‘तडजोड’च हवी. तिच्यात ‘तोडणे’ आणि ‘जोडणे’ दोन्ही ऐकू येतात, व्युत्पत्ती काहीही असो.

अनुवादिनी
सर्वांचे आभार. आज सहकाऱ्यांशी पुन्हा बोलणे झाले आणि वाक्य पुढीलप्रमाणे ठरले: ‘पक्षकारांनी वाद आपसांत तडजोडीने मिटवला आहे.’ ‘तडजोडीने’ हा शब्द त्यांच्या समाधानासाठी घातला आहे, ‘मिटवला’ माझा आहे. न्यायालयाचा आदेश त्याच पुरसिशीखाली असल्यामुळे त्याच्या भाषांतरात ‘दावा तडजोडीनुसार निकाली’ असे आले आहे, म्हणजे त्यांचाही शब्द त्याच्या जागी गेला. तिठा यांचा गाळाचा दाखला मी त्यांना सांगितला, पण तो त्यांना मानवला नाही.
आता त्याच दाव्याच्या आधीच्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, दस्तऐवज यांनी उल्लेखलेले आदेश 14 चे ‘सेटलमेंट ऑफ इश्यूज’ आले आहे. तेथे काय लिहावे?

दस्तऐवज
‘मुद्दे काढले.’ आमच्या जिल्हा न्यायालयात अनेक वर्षे तसेच लिहितात. कृपा करून तेथे ‘मिटवले’ लिहू नका, नाहीतर साक्षीदार घरी जातील.

तिठा
‘मुद्दे कायम केले’ असे म्हटल्यास काय हरकत आहे? ज्येष्ठ अधिवक्त्यांच्या मसुद्यालाही तोच शब्द चालेल.

शिरस्तेदार
हरकत अशी की मुद्दे नंतर बदलता येतात. निकाल देण्यापूर्वी केव्हाही न्यायालय नवा मुद्दा काढू शकते किंवा जुना वगळू शकते. आदेश 14 च्या नियम 5 मध्ये तशी तरतूद आहे. जे बदलता येते त्याला ‘कायम केले’ म्हणणे बरे नव्हे. ‘काढले’ हेच ठेवा.